देवकुंड एका दिवसात: जुलै, सात माणसं, त्यात बाबा ६४ चे

राधिका_डोंबिवली | २३ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

१२ जुलैच्या शनिवारी देवकुंडला जायचं घाटतंय. आम्ही डोंबिवलीहून पाच जण: मी, नवरा, दोन मुलं (११ आणि १४) आणि माझे बाबा. कोथरूडहून दीर आणि जाऊबाई. दोन्हीकडून निघून भिऱ्याला भेटायचं, धबधबा बघायचा, जेवायचं आणि रात्री आपापल्या घरी.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत. चालणं रोजचं आहे, पण उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो. दिराने एक रील पाठवल्यापासून घरात दुसरा विषय नाही. हिरवंगार पाणी, तीन बाजूंनी कडे, वरून पांढरी धार. प्रश्न असे:

किती वाजता निघावं? चाल किती? गाईड घ्यावाच लागतो का? मुलांना कुंडात पोहता येईल का? आणि मुख्य म्हणजे, बाबांना न्यावं का?

सह्यप्रवासी | २३ जून, रात्री ११:१५

राधिकाताई, स्वागत.

तारीख बदला. जुलैत देवकुंड नको. मत बाजूला ठेवलं तरी पावसाळ्यात जिल्हा प्रशासन तिथे बंदीचा आदेश काढतं. पूर्वी याला सगळे 'एकशे चव्वेचाळीस लागली' म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, त्यात तेच कलम १६३ झालंय. म्हणजे १२ तारखेला तुम्ही पहाटे चारला उठून, पराठे बांधून, भिऱ्याच्या नाक्यावर पोलिसांना ते पराठे दाखवून परत याल.

बाकी माहिती, पुढे उपयोगी पडेल म्हणून: गाव भिरा, तालुका माणगाव. पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळे, तिथून पाटणूसमार्गे भिरा. मुंबईकडून मुंबई-गोवा महामार्गाने कोलाड आणि मग आत. (त्या महामार्गाबद्दल मी काही बोलत नाही, सणासुदीचे दिवस जवळ आलेत.) एकेरी चाल साधारण सहा किलोमीटर, रमतगमत अडीच तास. बराचसा रस्ता सपाट आहे. शेवटचा अर्धा तास धोंड्यांतून चढ.

अमेय_भटक्या | २३ जून, रात्री ११:५८

काय राव घाबरवताय लोकांना. आम्ही चार वर्षांपूर्वी जुलैतच गेलेलो. मागच्या वाटेने. काही होत नाही. फुल पावसात जी मजा आहे ती कोरड्यात काय कळणार? पाणी बघायला जाताय का खडक बघायला?

डोंगरवेडी | २४ जून, सकाळी ७:२०

अमेय, तुमचं काही झालं नाही याचा आनंद आहे. आमचं झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ऑफिसला उशीर झाला तरी चालेल.

बरीच वर्षं झाली. पुण्याहून एका ट्रेक आयोजकाबरोबर गेलो होतो (नाव घेत नाही). चाळीस जण, दोन लीडर, दोघंही विशीतले आणि दोघंही त्या वाटेवर दुसऱ्यांदाच आलेले. ते आम्हाला नंतर कळलं. जाताना ओढ्यांना घोट्याएवढं पाणी. सगळे हसत, फोटो काढत पार. कुंडापाशी पोचलो तेव्हा चक्क ऊन पडलं होतं. लोक म्हणाले, नशीब बघा आपलं! तासभर थांबलो.

परत फिरलो. वाटेत पावसाचा थेंब नाही. आणि ओढ्यापाशी आलो तर मघाचा ओढा तिथे नव्हताच. पाणी चहाच्या रंगाचं. त्यात हिरवी पानं असलेली फांदी वाहत चाललेली, म्हणजे वर कुठेतरी नुकतीच मोडलेली. मघाशी ज्या दगडावर पाय दिला होता त्या जागी नुसता फुगवटा दिसत होता. एका मुलाने 'कंबरेएवढंच आहे' म्हणत पाय टाकला, दोन पावलांत त्याचा तोल गेला. मागच्याने त्याच्या सॅकचा पट्टा धरला म्हणून तो आज आहे. त्याची एक चप्पल गेली ती आम्ही सगळ्यांनी वाहून जाताना पाहिली. इतक्या झटक्यात गेली की कोणी काही बोललंच नाही.

चार तास बसलो. चाळीस माणसांत शिट्टी एक, दोरी नाही, फोनला रेंज नाही. माझ्याकडे पार्लेजीचा एक पुडा होता, तो आम्ही सहा जणींनी वाटून खाल्ला. अंधार पडल्यावर गावातली माणसं दोर आणि बॅटऱ्या घेऊन आली, पाणीही तोवर उतरलं होतं. एकेकाला हाताला धरून पार केलं. त्यातले एक काका शेवटी एवढंच म्हणाले, 'सकाळी विचारलं असतं तर सांगितलं असतं.' पहाटे तीनला घरी पोचले.

देवकुंडची भीती लोकांना धबधब्याची वाटते. आम्हाला अडकवलं ते परतीच्या ओढ्याने.

अमेय_भटक्या | २४ जून, सकाळी ९:०५

ओके. दिवा (म्हणजे 'हलके घ्या'ची खूण) द्यायला विसरलो होतो. 'मागच्या वाटेने' हा शब्द मागे घेतो.

पाणीवाला | २४ जून, दुपारी १:३०

डोंगरवेडींचा अनुभव वाचून थोडं तांत्रिक. (पाटबंधाऱ्यात आयुष्य काढलं, सवय जात नाही.)

देवकुंडला पडणारं पाणी येतं वरून, ताम्हिणीच्या माथ्यावरून. पुण्याकडून घाटात शिरताना डोंगरवाडीजवळ जी प्लस व्हॅली दिसते, तिच्यातून ओढे एकत्र होऊन खाली उडी घेतात ते इथे. तुम्ही खाली कोकणात उभे, ऊन पडलंय, आणि माथ्यावर ढग अडकून कोसळतायत असं सर्रास होतं. २०२४ च्या जुलैत पुण्यात एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हाचं आठवतंय? त्या वेळी ताम्हिणीला चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला होता. कातळ तो, पाणी मुरत नाही, थेट वाहतं. म्हणून तिथे आकाश बघून काही कळत नाही. पाण्याचा रंग बघायचा. गढूळ झालं, काडीकचरा वाहायला लागला, आवाज जाड झाला की निघायचं. आणि मध्ये अडकलात तर पार करायच्या भानगडीत न पडता उंच जागी बसून राहायचं. असे ओढे चढतात झटकन आणि पाऊस थांबला की उतरतातही लवकर.

पोहण्याबद्दल: धारेच्या खालचं पाणी पांढरं का दिसतं? त्यात हवेचे बुडबुडे असतात. बुडबुड्यांचं पाणी हलकं, ते माणसाला नेहमीसारखं तोलून धरत नाही. चांगला पोहणाराही तिथे जड होतो. शिवाय धार खाली आपटून पाणी गोल फिरतं, बाहेर येणाऱ्याला परत आत ओढतं. स्विमिंग टँकमधली पदकं इथे कामाची नाहीत.

मिसळपाव_कट्टर | २४ जून, दुपारी २:१०

पाणीवाला काका, शाळेत तुम्ही विज्ञानाला असता तर आम्ही पास झालो असतो. वाखु (वाचनखूण) साठवली.

पाटणूसचा_भाचा | २४ जून, रात्री ९:४५

माझं आजोळ पाटणूस. मामेभाऊ हंगामात गाईडचं काम करतो, त्याला विचारून लिहितोय.

बंदी असते हे खरं आहे. आमच्या लोकांनाही ती नको असते हेही खरं आहे, कारण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारीच पैसा यायचा. जेवण, पार्किंग, गाईड, सगळं त्यावर. पण वाहून गेलेला माणूस काढायला पण हीच पोरं जातात. कोलाड, माणगाव, महाडच्या रेस्क्यू टीम येईपर्यंत पहिला दोर गावाचाच असतो. मामी म्हणते, पैसे नकोत पण ते शोधणं नको.

तर राधिकाताई, तुम्ही या, पण दसरा झाल्यावर या. नवरात्रात पण वर एखादी सर येते आणि व्हाळ (ओढा) भरतो. दिवाळीच्या पुढेमागे पाणी स्वच्छ होतं. रीलमधला तो हिरवा रंग पावसाळ्यातला नाहीच, तो नोव्हेंबरातला आहे! पावसाळ्यात कुंड दिसतच नाही, नुसता धूर. डिसेंबर संपला की धार बारीक होत जाते. मार्चनंतर तर नावच काढू नका, २०१७ च्या मार्चमध्ये भिऱ्याचं तापमान ४६.५ म्हणून देशभर बातम्या झाल्या होत्या. आकड्यावर तेव्हा वाद झाला, पण उकाड्यावर आमच्याकडे कोणाचा वाद नाही.

गाईड घ्या. वाट सरळ वाटते, पण जंगलात तीनचार ठिकाणी ढोरवाटा फुटतात. पहिल्या मोठ्या व्हाळावर हंगामात लाकडी साकव टाकतात. पावती फाडावी लागते, दर दरवर्षी बदलतो. सुट्टे पैसे आणा. आत रेंज नाही त्यामुळे मोबाईलने पैसे देऊ म्हणालात तर हसतील. आणि सकाळी लवकर या. उशीर झाला की वर सोडत नाहीत, कारण चारनंतर जंगलात अंधारायला लागतं.

राधिका_डोंबिवली | २५ जून, सकाळी ११:००

बाप रे. एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार. डोंगरवेडी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. चप्पल आली तिथे तो गप्प झाला.

दीर मात्र अजून म्हणतोय, 'सगळे जातात.' त्याला धाग्याची लिंक दिली आहे, आता तो जाणे आणि तुम्ही जाणे.

जुलै रद्द, नोव्हेंबर नक्की. पण जुलैची सुट्टी टाकून झालीय आणि मुलं तोंड पाडून बसलीत. बाबांनाही झेपेल असं भर पावसातलं काही सुचवा ना.

सह्यप्रवासी | २५ जून, सकाळी ११:४०

ठोसेघर. साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने पुढे. कठडा बांधलेला आहे, गॅलरी आहे, समोरून धबधबा पूर्ण दिसतो, पाण्याशी आपला संबंध येत नाही. बाबा खूश, मुलं खूश. धुकं असेल तर मात्र नुसता आवाज ऐकून यावं लागतं, ती तयारी ठेवा. डोंबिवलीहून लांब पडतं, कोथरूडला मुक्काम करा.

बेळगावकर_पाहुणा | २५ जून, सायंकाळी ६:२५

दूधसागर कोणी काढला नाही अजून? मग मी काढतो.

तिकडचीही तीच गत आहे. पावसाळ्यात रुळांवरून चालत जाऊ नका. कॅसलरॉककडून किंवा कुळ्याकडून रूळ धरून जायची एकेकाळी फॅशनच होती, आम्हीही कॉलेजात असताना गेलोय, आता सांगायला लाज वाटते. मध्ये बोगदे आहेत. आत शिरलात आणि गाडी आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहण्यापलीकडे हातात काही नसतं. २०२३ च्या जुलैत अशा लोकांना रेल्वे पोलिसांनी रुळाशेजारी ओळीने उठाबशा काढायला लावल्या होत्या, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. त्यात आमच्या गल्लीतला एक होता. अजून त्याला सगळे 'किती काढल्यास रे?' विचारतात.

सरळ मार्ग म्हणजे पाऊस सरल्यावर कुळ्याहून जीप, भगवान महावीर अभयारण्यातून. चालायचं थोडंच. किंवा त्या मार्गावरच्या गाडीत बसा. घाटात गाडी रमतगमत चालते आणि धबधबा अगदी खिडकीशी येतो. ३१० मीटरची उंची मान वाकडी करून बघावी लागते. तुषार थेट डब्यात. माझ्या आईने ८० व्या वर्षी दूधसागर पाहिला तो असाच, हातात चहाचा कप धरून.

कोथरूडचा_दीर | २५ जून, रात्री १०:५०

मीच तो दीर. आयडी आत्ताच काढला.

वाचलं सगळं. मान्य. वहिनी, आता कृपया घरच्या ग्रुपवर तो चपलेचा परिच्छेद पुन्हा टाकू नका, आईचे तीन फोन येऊन गेले.

मिसळपाव_कट्टर | २५ जून, रात्री १०:५४

दीरांचं स्वागत आहे. इनो आणि चहा घ्या.

आजोबा_सदाशिव | २६ जून, सकाळी ६:१०

मी ७१ चा, दोन्ही गुडघे मूळचेच. तुमच्या वडिलांबद्दल थोडं.

न्या त्यांना. फक्त 'पोचायलाच हवं' ही अट त्यांच्यावर घालू नका. आमच्या वयाच्या माणसाला थकव्यापेक्षा आपल्यामुळे पोरं थांबली ही गोष्ट जास्त लागते. एक जण त्यांच्याबरोबर राहील आणि ते हवं तिथे थांबतील हे आधीच ठरवून टाका, म्हणजे वाटेत कोणाला कोणाचं तोंड बघायला नको. काठ्या दोन घ्या, एक नको. उतरताना काठी आधी, पाय नंतर. ओल्या धोंड्यावर काळपट हिरवं शेवाळ दिसलं तर ते टाळा, भुरकट खरखरीत भाग बघून पाय द्या. गुडघ्याचा पट्टा नवा कोरा घालून जाऊ नका, आठवडाभर घरात वापरून बघा.

आणि ते वीज मंडळातले आहेत म्हणता ना? मग त्यांचं देवकुंड धबधब्याच्या अलीकडेच आहे. भिऱ्याचं टाटांचं वीजगृह १९२७ चं. मुळशीच्या तलावाचं पाणी बोगद्यातून डोंगराच्या काठावर आणून नळांतून खाली सोडतात, उडी पाचशे मीटरच्या आसपास. ज्या धरणासाठी सेनापती बापटांनी १९२१ साली मुळशी सत्याग्रह उभा केला तेच हे पाणी. आमच्या आजीचं माहेर त्या तलावाखाली गेलं. ताम्हिणीतून जाताना सगळे 'काय सुंदर बॅकवॉटर' म्हणून गाडी थांबवतात. सुंदर आहेच. मी पण थांबवतो.

पाणीवाला | २६ जून, सकाळी ८:००

आजोबा, नमस्कार घ्या. अवांतर पुरवणी: वीज करून झाल्यावर तेच पाणी पुढे कुंडलिकेत सोडतात, म्हणून कोलाडचं राफ्टिंग सकाळी असतं. पाणी सुटण्याच्या वेळेवर बोटी. देशावरचं पाणी कोकणात उतरतं, दिवे मुंबईचे लागतात आणि हेल्मेट घालून ओरडतो आयटीवाला.

आयटीवाला_खरा | २६ जून, सकाळी ८:०२

हजर.

राधिका_डोंबिवली | २६ जून, दुपारी १२:२०

आजोबा, तुमचा प्रतिसाद बाबांनी स्वतः वाचला. चष्मा लावून, दोनदा. मग म्हणाले, 'हे गृहस्थ कुठे राहतात?' आता ते नोव्हेंबरपर्यंत मला वीजगृहाबद्दल ऐकवणार आहेत.

बुटांचं काय करू? मुलांना शाळेचे पांढरे बूट चालतील का?

डोंगरवेडी | २६ जून, दुपारी १२:४५

शाळेचे पांढरे अजिबात नको, ओल्या दगडावर साबण होतात. मी वर्षानुवर्षं ॲक्शनचे ट्रेकिंग शूज वापरते. स्वस्त, रबर चांगलं, ओले झाले तरी वाळतात. पाच हजारांचे वॉटरप्रूफ बूट पाण्यात एकदा आतून भरले की दोन बादल्या पायाला बांधून चालल्यासारखं होतं.

सह्यप्रवासी | २६ जून, दुपारी १:०५

बुटांवर वेगळा धागा आहे, तिथे चारशे प्रतिसाद आणि दोन कायमची भांडणं झालीत. इथे नको.

राधिका_डोंबिवली | १८ जुलै, रात्री ९:३०

ठोसेघर झालं. धुकं होतं. अर्धा तास नुसता आवाज ऐकला. मग दोन मिनिटं पडदा बाजूला झाला आणि सगळी गॅलरी एकदम 'आऽऽऽ' करून ओरडली. धाकट्याला तेवढं पुरलं. त्याला म्हटलं फोटो काढ, तर म्हणाला, बघू दे ना.

नवखा_निनाद | १० सप्टेंबर, रात्री ११:११

धागा वर काढतोय. आम्ही येत्या रविवारी जायचं म्हणतोय, गणपती झाले, पाऊस कमीच आहे. जाऊ का?

पाटणूसचा_भाचा | ११ सप्टेंबर, सकाळी ७:००

नाही.

नवखा_निनाद | ११ सप्टेंबर, सकाळी ७:०३

ठीक आहे.

राधिका_डोंबिवली | दिवाळीनंतरचा सोमवार, रात्री १०:१५

मंडळी, जाऊन आलो! वृत्तांत देते म्हणाले होते, त्यामुळे पाय शेकत लिहितेय.

शनिवारी पहाटे साडेतीनला डोंबिवली सोडली. भिऱ्याला पोचेपर्यंत आठ. दीर-जाऊ घाटातून आधीच येऊन कांदेपोहे खात बसलेले. (वाटेत विळ्याला मिनीडोर दिसत होत्या, एसटीने येणाऱ्यांची सोय होत असावी, पण सकाळी किती वाजल्यापासून असतात ते विचारून निघा.) पावती फाडली, गाईड दादा घेतले. पाटणूसच्या भाच्याचे मामेभाऊच निघाले! त्यांना धागा दाखवला. 'हे आईचं वाक्य पण लिहिलंय व्हय यानं,' म्हणाले आणि लाजले.

साडेआठला चालायला सुरुवात. पहिला पाऊण तास डाव्या हाताला धरणाचं पाणी, इतकं शांत की समोरचा डोंगर दोनदा दिसत होता. मग जंगल. आणि जंगलात शिरताच गार. मोठ्या लेकीने शेकरू पाहिलं. खार म्हणून हाक मारली आणि ती 'खार' मांजराएवढी निघाली, तांबडी, झाडाच्या शेंड्यावरून पलीकडच्या झाडावर सरळ उडीच मारली तिने. शीळकरी कस्तूर एकदाच ऐकू आला. दादा म्हणाले हा पावसाळ्यात दिवसभर गातो, आता मूड असेल तरच. थोरलीला वाटलं कोणी टवाळ मुलगा शिट्टी मारतोय.

पहिल्या मोठ्या ओढ्यावर साकव होता. खालून पाणी वाहत होतं ते जेमतेम नडगीपर्यंत, तळाचा एकेक गोटा मोजता येईल असं. तिथे मी थांबले. काठावरच्या एका झाडाच्या बुंध्याला, माझ्या डोक्यापेक्षा वर, वाळक्या गवताचा आणि काटक्यांचा गठ्ठा अडकला होता. मध्येच प्लास्टिकच्या बाटलीचं एक निळं बूच. मला वाटलं कोणी मुद्दाम बांधलंय. दादा म्हणाले, 'जुलैत पाणी इथवर होतं.' दीर त्या झाडाखाली उभा राहिला, हात वर केला. हात पोचला नाही. बराच वेळ तसाच उभा होता. मग म्हणाला, चला.

दुसऱ्या ओढ्यापाशी बाबा थांबले. पुढे धोंड्यांचा चढ होता, गुडघा नाही म्हणाला. आधी ठरलेलंच होतं त्यामुळे कोणी काही बोललं नाही, नवरा त्यांच्याजवळ थांबला (त्याला थांबायचंच होतं असा माझा अंदाज आहे). आजोबा, हा सल्ला सोन्याचा.

आम्ही वर गेलो. शेवटच्या वळणाला आधी वारा आला, ओला, थंडगार, आणि मग कुंड. रीलमध्ये आवाज बंद करून गाणं लावलेलं असतं, त्यामुळे मला त्या आवाजाची कल्पनाच नव्हती. कडा तिन्ही बाजूंनी असल्याने आवाज फिरून फिरून येतो. पाणी खरंच हिरवं. धार पडते तिथे पांढरं, मग पोपटी, कडेला येईतो अगदी काचेसारखं. दोर बांधलेला होता, त्याच्या आत कोणालाच सोडत नव्हते. मुलांनी कडेला गुडघाभर पाण्यात पाय सोडले आणि पाच मिनिटांत बधिर झाले म्हणून ओरडत बाहेर आली. पोहण्याचा विषय आपोआप मिटला. पाणीवाला काका, तुमचं बुडबुड्यांचं लेकीने शेजारी उभ्या असलेल्या चार कॉलेजच्या मुलांना समजावून सांगितलं. त्यांनी मागितलं नव्हतं.

अकरा ते बारा तिथे होतो. बारानंतर झुंडी यायला लागल्या, एकाकडे मोठा स्पीकर होता. दादांनी त्याला दोन शब्द सांगितले, ते इथे लिहीत नाही.

खाली आलो तर बाबा आणि नवरा एका म्हाताऱ्या आजोबांशी गप्पा मारत दगडावर बसलेले. त्यांचे वडील म्हणे भिऱ्याच्या वीजगृहाच्या कामावर होते, डोंगरावर नळ चढवायला. आमचे बाबा त्यांना विचारतायत, 'मग जोड कसे मारले?' आणि ते आजोबा हातवारे करून दाखवतायत. आम्हाला बघून बाबा म्हणाले, 'आलात एवढ्यात?'

जेवण गावात सांगून ठेवलं होतं. तांदळाची भाकरी, कडव्या वालांची आमटी, मिरचीचा ठेचा, सोलकढी. धाकट्याने चार भाकऱ्या खाल्ल्या. घरी तो भाकरीला हात लावत नाही. निघताना गाडी वीजगृहाच्या बाजूने घ्यायला लावली. आत अर्थातच सोडत नाहीत, पण बाहेरून डोंगरावरून उतरणारे नळ दिसतात. बाबा गाडीतून उतरून पंधरा मिनिटं बघत उभे होते. घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा, त्यातले दोन तास पुन्हा त्याच महामार्गावर.

चुका झाल्या त्या सांगते: पाणी कमी नेलं, माणशी दोन लिटर हवंच होतं. कोरडे मोजे गाडीत ठेवले, सॅकमध्ये हवे होते. आणि केळी सॅकच्या तळाशी ठेवू नयेत.

आजोबा_सदाशिव | मंगळवार, सकाळी ५:५५

जोड कसे मारले म्हणाले ते?

राधिका_डोंबिवली | मंगळवार, सकाळी ९:३०

आजोबा, बाबांना विचारलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली, मी ऑफिसला निघाले होते. ते म्हणतायत धाग्यावर लिहिण्यापेक्षा फोनवरच बोलू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

नवखा_निनाद | मंगळवार, दुपारी ४:४०

आता जाऊ का? रविवारी?

पाटणूसचा_भाचा | मंगळवार, सायंकाळी ७:१५

या. पण शनिवारी जमतंय का बघा, रविवारी साकवावर रांग लागते. आणि स्पीकर घरी ठेवा.